जित्याची खोड

'पहिलं व्यंजन पोटात घालून कोण पहुडलंय समुद्रकाठी? (३)'

मामांच्या शब्दकोड्यातला हा आडवा पाच. कंसातला तीन म्हणजे उत्तर तीन अक्षरी. मामा पेणला राहतात. दर शनिवारी रात्री त्यांच्या कोड्याचा फोटो फोनवर येतो. नऊ बाय नऊची चौकट, पेन्सिलीनं भरलेली काळी घरं, खाली मोत्यासारख्या अक्षरात आडवे-उभे क्लू. रविवारी सकाळी मी तो वहीत उतरवून घेते, कारण हातानं चौकट आखल्याशिवाय मला कोडं चढत नाही. मग वही घेऊन भावाच्या कारखान्यात जाऊन बसते. आमच्या जित्यात कारखाना म्हटला की गणपतीचाच. इथून हमरापूर-जोह्यापर्यंत आणि पुढे पेणपर्यंत सगळा पट्टाच मूर्तींचा आहे. पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या रांगांमधे एक पाट टाकायचा आणि कोड्याला भिडायचं, हा माझा रविवार.

तर आडवा पाच. वाक्य वाचलं की डोळ्यांपुढे चित्रच उभं राहतं. कुणीतरी पंगतीतला पहिलाच पदार्थ मनसोक्त खाल्लाय आणि आता अलिबागच्या नाहीतर रेवदंड्याच्या वाळूत हातपाय ताणून दिलेत. मी 'कासव' लिहून पाहिलं, 'मगर' खोडलं. एकही जुळेना. सगळी सकाळ तशीच गेली. दुपारी ताटात भाजी वाढून घेताना 'व्यंजन' हा शब्द कढईच्या काठावरून एकदम कूस बदलल्यासारखा वळला. व्यंजन म्हणजे पदार्थ हे खरंच, पण व्यंजन म्हणजे क, ख, ग, घ सुद्धा. पहिलं व्यंजन 'क'. ते पोटात घालायचं, कोणाच्या? 'कोण'च्या. को, मधे क, शेवटी ण. कोकण!

मग मी हा क्लू पुन्हा पुन्हा वाचत राहिले, कारण उत्तर सापडल्यावरच त्याची कारागिरी दिसते. एक तर 'कोण'. प्रश्न विचारणारा शब्द आपण वाचतो तेव्हा त्याच्याकडे बघत नाही, त्याच्या पलीकडे उत्तर शोधायला धावतो. मामांनी नेमका तोच शब्द उत्तराचं सामान म्हणून उघड्यावर ठेवला आणि तो उघड्यावर असल्यामुळेच दिसला नाही. दुसरं 'पहुडलंय'. हे नपुंसकलिंग मला आधी सहज वाटलं, कारण अनोळखी माणसाबद्दल आपण 'कोण आलंय?' असंच विचारतो. पण कोकणही नपुंसकलिंगीच. एकच क्रियापद वरच्या चित्राला साजतं आणि आतल्या उत्तरालाही. तिसरं म्हणजे 'पहुडलंय समुद्रकाठी' हे कोकणाचं वर्णन. नकाशा उघडून पाहा, सह्याद्रीला पाठ लावून, समुद्राकडे तोंड करून आडवा पडलेला हा लांबट मुलुख दुसरं काय करतोय? सात शब्द, आणि सातच्या सात कामाला लागलेले. एक काढला तर घर पडेल.

गूढ शब्दकोडं न सोडवलेल्या माणसाला हे थोडं समजावून सांगायला हवं. साध्या कोड्यात क्लू म्हणजे नुसता अर्थ असतो. 'सूर्य', आणि कंसात दोन: रवी किंवा भानू. गूढ कोड्यातल्या क्लूमधे दोन तुकडे असतात. एक तुकडा उत्तराचा सरळ अर्थ सांगतो, तो बहुधा वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटाला असतो. दुसरा तुकडा त्याच शब्दाची घडण सांगतो: कुठली अक्षरं कुठून घ्यायची, उलटायची, फोडायची, की एकमेकांच्या पोटात घालायची. दोन्ही तुकडे मिळून एक बिनचूक, गुळगुळीत वाक्य होतं आणि ते वाक्य आपल्याला भलतीकडेच नेतं. मामा म्हणतात, 'अगं, क्लूचा सांधा शोध. सांधा सापडला की उत्तर आपोआप हातात येतं.'

सांधा हा शब्द त्यांनी आमच्या कारखान्यातून उचललाय की आम्ही त्यांच्याकडून, कोण जाणे. साच्याचे दोन भाग जोडून मूर्ती काढली की जोडावर एक बारीक उभी रेघ राहते, कानामागून खांद्यावर आणि तिथून कमरेपर्यंत. ती घासून, ओला हात फिरवून मिटवावी लागते. चांगल्या कारागिराच्या हातची मूर्ती उन्हात धरली तरी रेघ दिसत नाही. क्लू रचणाराही हेच करतो. अर्थ आणि घडण यांच्यामधली रेघ घासून मिटवतो. आणि सोडवणारा वाक्यावरून बोट फिरवत तीच रेघ पुन्हा शोधतो. आडव्या पाचमधे ती 'कोण' आणि 'पहुडलंय' यांच्या मधून जाते. बोलताना या दोन शब्दांमधे आपण श्वासही घेत नाही.

हा खेळ इंग्रजांकडून आला हे खरं आहे. २१ डिसेंबर १९१३ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मधे आर्थर विन यांनी हिऱ्याच्या आकाराची चौकट छापली, ते पहिलं आधुनिक शब्दकोडं. त्याला गूढ वळण दिलं ते लंडनच्या साप्ताहिक 'ऑब्झर्व्हर'नं. तिथे १९२६ पासून एडवर्ड पॉइस मॅथर्स हे 'टॉर्केमादा' या नावानं कोडी रचायला लागले. १९३९ मधे ती चौकट 'झिमेनीझ' म्हणजे डेरिक मॅकनट यांच्याकडे आली आणि १९७२ मधे 'एझेड' यांच्याकडे. तिन्ही नावं स्पॅनिश धर्मन्यायालयाच्या छळकर्त्या न्यायाधीशांवरून घेतलेली आहेत, एझेड हे तर 'डेझा' हे नाव इंग्रजीत उलटं लिहून. मला यातलं भावतं ते झिमेनीझ यांचं सांगणं. क्लूमधे नेमका अर्थ असावा, न्याय्य घडण असावी आणि तिसरं काहीही नसावं, असा त्या घराण्याचा दंडक. फसवायची पूर्ण मुभा आहे, खोटं बोलायची नाही.

पण चौकट तेवढी त्यांची. चौकटीत जे भरतात ते आपल्याकडे फार जुनं आहे. शाळेत श्लेष अलंकार शिकताना सभंग श्लेष आणि अभंग श्लेष असे दोन प्रकार आपण पाठ करतो आणि परीक्षेनंतर सोडून देतो. मामांच्या कोड्यांनी ते दोन्ही मला परत दिले. शब्द न मोडता दोन अर्थ निघाले तर अभंग: 'पाहुण्याला बसायला दिला, शेताला पाण्यासाठी काढला (२)'. वाचताना वाटतं, बसायला दिलेली वस्तू नंतर काढून घेतली. पण पाट काढतात तो शेतात, पाण्यासाठी. तो 'काढला' शब्दच सगळं फिरवतो, आणि मी हे कोडं सोडवत होते तेव्हा पाटावरच बसले होते. शब्द मोडून अर्थ निघाला तर सभंग, त्याचं उदाहरण पुढे येईलच. दंडीनं 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. धर्मदासाचा 'विदग्धमुखमंडन' हा तर अख्खा ग्रंथ कोड्यांचा. बारामतीच्या मोरोपंतांच्या नावावर एकशेआठ रामायणं सांगतात, त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटणारी अक्षरं वर्ज्य. म्हणजे रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! त्या अटीत ज्याला मौज वाटली, त्याला आडवा पाच नक्की आवडला असता.

आणि त्याही आधी वाल्या कोळी आहे. नारदांनी त्याला 'मरा, मरा' म्हणायला सांगितलं आणि म्हणता म्हणता त्यातून 'राम' निघाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. दोन शब्दांच्या सांध्यावर तिसरा शब्द लपलेला असतो, हा गूढ कोड्याचा पहिला धडा तोच. मामांनी एकदा त्याच धर्तीवर रचलं होतं: '"देव भलं करो!" हार घालताना मधेच लागलं शेवटचं स्टेशन (२)'. 'करो' आणि 'हार' यांच्या मधोमध पाहा. रोहा. दिवा-रोहा गाडीचं शेवटचं स्टेशन, वाक्याच्या मधे.

आता कारखान्याचं सांगते, कारण त्या क्लूनं मला या सगळ्यातला मूळ आनंद कशाचा, ते दाखवलं.

'गाडी गिळ की! इथून गणपती हजारांनी निघतात (४)'. तो क्लू वाचण्याआधीच माझ्या चौकटीत उभ्या शब्दानं तिसऱ्या घरात 'खा' आणून दिला होता. रिकामं, रिकामं, खा, रिकामं. मामांनी मुंबईत छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून आयुष्य काढलं. दिवाळीच्या तोंडावर तिथून गणपतीची कॅलेंडरं गठ्ठ्यांनी बाहेर पडायची, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलेलं. मी पेननं लिहून टाकलं: छापखाना. अर्थ बसला, घरं भरली, मामांचं घरही आठवलं. पण मनाला स्वस्थता नव्हती. गाडी कुठे गेली? गिळायचं काय? संध्याकाळी भाऊ भाच्याला जेवायला घालत होता. तो पोर तोंड उघडेना आणि भाऊ काकुळतीनं म्हणत होता, 'खा ना रे, खा ना'. मी वहीकडे धावले. गाडी म्हणजे कार. गिळ की म्हणजे खा ना. कार-खा-ना. मी ज्या कारखान्यात बसून कोडं सोडवत होते, तोच.

छापखाना हे चांगलं उत्तर होतं. ते फक्त सिद्ध होत नव्हतं. गूढ कोड्यात प्रत्येक क्लू आपला पुरावा बरोबर घेऊन येतो, आणि तो पुरावा पटला की मग जगात कुणालाही विचारायची गरज उरत नाही. पुढच्या आठवड्याच्या उत्तराची वाट बघावी लागत नाही. ती खात्री आतून येते, ताळा जुळल्यासारखी. मला उत्तर मिळाल्याचा आनंद होतो तो क्षणाचा. खात्री झाल्याचा आनंद मात्र दिवसभर अंगावर राहतो, आणि उठता-बसता जो शब्द आपण वापरत आलो तो 'कार', 'खा', 'ना' असा सुटा झाल्यावर पूर्वीसारखा कधीच दिसत नाही.

हा फरक किती मोठा आहे, ते आपल्याकडे एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत बक्षिसी शब्दकोड्यांची लाटच आली होती. बंगलोरला छापला जाणारा 'स्पोर्टिंग स्टार' मुंबई राज्यात सगळीकडे खपायचा तो त्यातल्या आर.एम.डी.सी. कोड्यांसाठी. लोक प्रवेश फी भरून घरं भरायचे. तिथे एकाच घरात दोन-दोन शब्द सारखेच बसत, आणि बरोबर कुठला ते आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळण्यावर ठरे. १९५५ मधे केंद्रानं कायदा करून महिन्याला हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसाच्या स्पर्धा बंद केल्या. १९५७ मधे 'मुंबई राज्य विरुद्ध आर.एम.डी. चमारबागवाला' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा जुगार आहे, व्यापार नव्हे. मला तो निकाल कोडं सोडवणाऱ्याच्या नजरेतून पूर्ण पटतो. ज्या कोड्यात छापखाना आणि कारखाना दोन्ही बसतात आणि निवाडा पाकीट उघडल्यावर होतो, ते कोडंच नव्हे. शब्दानं स्वतःची साक्ष द्यायला हवी.

मराठीत गूढ कोडं रचणं इंग्रजीपेक्षा अवघड आहे, आणि त्या अवघडपणातच त्याची गोडी आहे. इंग्रजीत एका घरात एक लेटर. सव्वीसांतलं एक. आपल्या घरात अख्खं अक्षर येतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. क वेगळा, का वेगळा, की वेगळी. नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या वर जाते, जोडाक्षरं निराळीच. त्यामुळे दोन शब्द एकमेकांना छेदायचे तर छेदाच्या घरात तंतोतंत तेच अक्षर हवं, आणि म्हणून मामांची चौकट नऊच्या पुढे जात नाही. पण सोडवणाऱ्याला एक छेद मिळाला की केवढं मिळतं! तिसऱ्या घरात 'खा' आल्यावर चार अक्षरी शब्द उरतात किती? छापखाना, कारखाना, दवाखाना, आणखी चार-दोन.

अक्षरांची उलटापालट मात्र आपल्याकडे जपून करावी लागते, कारण तीन अक्षरं हलवून ती लपणार कुठे? तिथे वाक्याचा गुळगुळीतपणा कामी येतो. 'वेडावाकडा जमला इमारतीचा हा भाग (३)'. वाचणारा गवंड्याला दोष देतो. प्रत्यक्षात वेडावाकडा करायचा आहे तो 'जमला' हा शब्द: ज-म-ला, म-ज-ला. मजला. माझ्या मते मामांच्या शंभरेक कोड्यांतला हा सगळ्यांत सफाईदार क्लू, आडव्या पाचपेक्षाही. तिथे 'पहिलं व्यंजन' म्हणताना थोडी जुळवाजुळव जाणवते. इथे मात्र कुठलाही कंत्राटदार घरमालकाच्या तोंडून ऐकतो तेच वाक्य आहे, सांध्याची रेघ अजिबात नाही.

आणि नदी. 'भरतीला उलटी वाहणारी नदी, बिचारी (२)'. हा क्लू देशावर राहणाऱ्याला नुसता शब्दखेळ वाटेल. आमच्याकडे तो डोळ्यांनी दिसतो. अंबा, भोगावती, पाताळगंगा, आमच्या सगळ्या नद्या धरमतरच्या खाडीकडे जातात, आणि भरती चढली की खाडीचं पाणी त्यांच्या तोंडातून आत शिरतं. पात्रात पडलेला पेंढा डोंगराच्या दिशेनं जाताना मी लहानपणी बांधावर उभी राहून पाहिलाय. न-दी उलटली की दी-न. दीन, म्हणजे बिचारी. मी पहिल्यांदा घाईनं 'दिन' लिहिलं, तर मामांचा उलट टपाली निरोप आला, 'नदीची वेलांटी दुसरी. नदी उलटली तरी तिची वेलांटी बदलत नाही.' मुद्रितशोधकाच्या कोड्यात ऱ्हस्व-दीर्घाला सूट नाही, आणि नसावीच. संस्कृतातल्या विलोमकाव्यातही अक्षर असंच मात्रेसकट उलटतं. गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या सूर्य पंडितानं सोळाव्या शतकात 'रामकृष्णविलोमकाव्य' रचलं. त्यातला प्रत्येक श्लोक सरळ वाचला की रामाची कथा, शेवटाकडून वाचला की कृष्णाची. आमच्या खाडीच्या नद्यांसारखा, दोन्ही दिशांनी वाहणारा.

सगळ्यांत जास्त दिवस मला अडवलं ते तीन शब्दांच्या क्लूनं. 'सत्ता जरा पालटली (२)'. एवढंच. तीन शब्दांत सांधा तो किती लपणार? पण निवडणुकीचे दिवस होते, आणि माझं डोकं बातम्यांमधेच फिरत राहिलं. रविवार गेला. सोमवारी पनवेलला कामावर जाताना आपटा स्टेशनात गाडी थांबली तेव्हा तो क्लू डोक्यात, परत येताना जित्याला उतरले तेव्हाही डोक्यात. मामांना विचारायचं नाही, हा माझा नेम. बुधवारी गाडीत शेजारच्या बाईनं म्हटलं, 'जरा सरकता का?' आणि मी सरकायचं सोडून तिच्याकडे बघतच राहिले. 'जरा'! मोजमापाचा म्हणून ज्या शब्दाला मी चार दिवस ओलांडून जात होते, तोच पालटायचा होता. ज-रा, रा-ज. राज म्हणजे सत्ता. त्या बाईला मी मनापासून जागा करून दिली.

त्या चार दिवसांबद्दल मला एक सांगायचंय. ते वाया गेलेले दिवस नव्हते. अडलेला क्लू खिशातल्या गारगोटीसारखा असतो, हात गेला की लागतो. आपली कामं चालू असतात, पोळ्या लाटल्या जातात, तिकिटं काढली जातात, आणि आत एक शब्द शांतपणे पालथा-उताणा होत राहतो. आठवड्याला एकच कोडं असण्याचं सुख हेच. रोज कोडं आलं असतं तर मी 'सत्ता जरा पालटली' सोडून दिलं असतं.

या थांबण्याची आपल्याकडे फार जुनी आणि फार सुंदर गोष्ट आहे, आणि तिचा नायक आमच्या कारखान्यात रांगेनं बसलेला असतो. व्यासांना महाभारत सांगायचं होतं. गणपती लेखनिक व्हायला तयार झाला, पण अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मग व्यास मधेमधे एखादा कूट श्लोक घालायचे. गणपती त्याचा अर्थ लावायला क्षणभर थांबायचा आणि तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक रचून घ्यायचे. असे कूट श्लोक परंपरेनं आठ हजार आठशे मानले आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा ही गोष्ट मूळ संहितेतून परिशिष्टात गेली, कारण जुन्या हस्तलिखितांचा तिला आधार नाही. विद्वानांचा तो निर्णय बरोबरच आहे. पण ज्या कुणी ती नंतर घातली, त्याला कोडं म्हणजे काय ते आतून ठाऊक होतं. बुद्धीच्या देवतेचं मोठेपण त्यानं भरभर लिहिण्यात दाखवलं नाही, थांबण्यात दाखवलं.

मूर्तीवर डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी होते. तोवर रंगलेल्या, दागिने चढलेल्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा डोळ्यांशिवाय बसून असतात. रविवारी दुपारी त्यांच्यामधे मी वही घेऊन बसते तेव्हा मला वाटतं, हे सगळे कूट श्लोकापाशी थांबलेत. मग भाऊ बारीक कुंचला घेऊन येतो, श्वास रोखतो, आणि एक रेघ ओढतो. ती रेघ ओढताना कारखान्यात कुणी बोलत नाही.

'ऑब्झर्व्हर'च्या कोड्यांत एक प्रथा रूढ झाली. झिमेनीझ आणि त्यांच्यानंतर एझेड यांनी महिन्यातून एकदा सोडवणाऱ्यांनाच एक शब्द द्यायचा आणि त्याचा क्लू रचून मागवायचा. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच म्हटलं, 'मग तू रच की एक.' मला महिनाभर जमलं नाही. सोडवताना सोपा वाटणारा सांधा घासताना किती हट्टी असतो, ते तेव्हा कळलं. शब्द सापडायचा तर वाक्य ओबडधोबड व्हायचं, वाक्य नीट झालं तर अक्षर हुकायचं.

आमच्या परसात आंब्याचा एक ओंडका पडलेला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून आत आलं, त्या दुपारी आजोबांनी लावलेला हा आंबा बुंध्यापासून मोडला. फांद्या सरपणाला गेल्या, जाड खोड तसंच राहिलं. त्यावर बसून मी मेथी निवडत होते, आणि आई माझ्या वहीकडे बघून म्हणाली, 'चाळिशी आली तरी हे कोड्यांचं वेड जात नाही तुझं. जित्याची खोड!' आईनं ती म्हण माझ्या जन्मापासून दोन अर्थांनी वापरली आहे, म्हणीतल्या जित्याची आणि आमच्या जिते गावाची. पण मी जिच्यावर बसले होते ती वस्तू त्या दिवशी तिसरा अर्थ घेऊन आली. झाडाचं ते खोड. माणसाची ती खोड. दोन्ही मोडतात, निदान मोडता येतील अशी आशा असते.

त्या रात्री मी मामांना क्लू पाठवला: 'वादळात झाडाचं एकवेळ मोडेल, पण जित्याची काही केल्या मोडत नाही (२)'. अर्थ होता, दोन्ही लिंगं सरळ होती, 'झाडाचं' आणि 'जित्याची', खोटं कुठेच नव्हतं. तरी कुठेतरी रेघ दिसत होती, आणि ती नेमकी कुठे ते मला कळत नव्हतं.

सकाळी फोटो आला. मामांनी माझं वाक्य स्वतःच्या हातानं कागदावर उतरवून घेतलं होतं, आणि त्यावर मुद्रितशोधकाच्या लाल पेनानं काम केलं होतं. 'वादळात' वर काढून टाकायची शेपटीवाली खूण. 'एकवेळ' वर तीच. 'पण', 'काही केल्या', 'मोडत', सगळ्यांवर. जे उरलं ते त्यांनी खाली नव्यानं लिहिलं होतं:

'झाडाचं मोडेल, जित्याची नाही (२)'.

आणि समासात, बारीक अक्षरात: 'उभा नऊ. पुढच्या रविवारी.'